समोरच्याचे म्हणणे

किस्से जमवावे लागत नाहीत. चार माणसे एका सतरंजीवर वीस वर्षे दर रविवारी बसली, की सतरंजी विरते आणि किस्से उरतात.

मलकापूरच्या वाचनालयाच्या ओसरीवर आमची वादसभा भरे. विषय ठरलेला: भूत, चकवा, मंत्र, करणी, ह्यांत खरे किती? मी शाळेत मराठी चौथीपर्यंतच शिकलो. उरलेले शिक्षण वाचनालयाच्या कपाटांनी केले. तरी सभेचे नियम मीच लिहिले, आणि नागपूरच्या कायदेमंडळातही ह्याहून स्वच्छ नियम नसतील, असे मी उघड म्हणत असे.

पहिला नियम: समोरच्याचे म्हणणे आधी आपण मांडायचे. त्याने “हाव, हेच” म्हटल्यावरच खंडन करायचे. तीनदा चुकलो, तर हरलो. दुसरा: ऐकीव गोष्ट पुरावा नव्हे. तिसरा: टीका म्हणण्यावर करायची, माणसावर नव्हे.

*

गणपत शिंप्याने एकदा मोताळ्याच्या वाटेवरचा चकवा आणला.

“पाहिला कोणी?” मी विचारले.

“माह्या साडूनं!”

“साडूंना हजर करा.”

पुढच्या रविवारी साडू बैलगाडीने आले, पाणी प्याले आणि सभेला म्हणाले, “मी कायले पाहतो? मले तं यानंच सांगतला!”

*

मेहकरकडचा एक मांत्रिक विंचू उतरवी. तो आपली विद्या समजावीत असतानाच सतरंजीखालून खरा विंचू निघाला आणि नेमका त्यालाच डसला!

“अरे, डाक्टरले बोलवा बे!”

सगळी ओसरी हसली. हसला नाही एकटा सखाराम. कापसाच्या जिनात फिटर असलेला हा माझा शेजारी आणि सभेतला माझा एकमेव बरोबरीचा प्रतिपक्षी.

“हसता काऊन?” तो म्हणाला. “मंतर म्हनायले विंचवानं टाइम तरी देल्ला काय त्याले?”

*

पहिला नियम लिहिला मी, पण पाळावा तो सखारामनेच. गणपतचा विहिरीतल्या हडळीवर विश्वास होता. सखारामला ती खोडायची होती. आधी त्याने गणपतची बाजू मांडली. ओले केस, उलटी पावले, कठड्यावरचा हात, काहीएक सोडले नाही.

“हाव, हेच!” गणपत म्हणाला. त्याला घाम फुटला होता. “पन आता मले घरी कोन सोडून देईन?”

*

सखारामची मुलगी यमुना नऊ वर्षांची होऊन तापाने गेली. तापात ती पाणी मागत होती; वैद्याने बंदी घातली होती, आणि सखारामने ती पाळली.

महिन्याभराने तो सभेत आला आणि उभ्यानेच बोलला. तिच्या रिकाम्या खाटेच्या उशाशी तो रोज मडके भरून ठेवतो. सकाळी ते चार बोटे उतरलेले असते.

मी आठवडा मागून घेतला. तसेच मडके माझ्या घरी भरून ठेवले, खडूने खूण केली, रोज पाहिले. तेही चार बोटेच उतरे! पुढच्या रविवारी मी मडके सभेपुढे ठेवले.

“तुमचे म्हणणे असे, की यमुना येते आणि पाणी पिते. बरोबर?”

सखाराम गप्प राहिला. ते गप्प राहणे मी होकारात धरले, आणि माती कशी झिरपते ते पाऊण तास समजावून सांगितले. सभेचे चेअरमन असलेल्या मास्तरांनी टाळी वाजवली. सखारामने टोपी घातली, माझ्या मडक्याला वळसा घालून तो पायऱ्या उतरला आणि पुन्हा आला नाही. पुढे त्याने मलकापूरही सोडले.

त्यानंतर सभेत माझ्याशी बरोबरीने वाद घालणारा कोणी राहिला नाही. मी दर रविवारी जिंकत असे.

*

सहा वर्षांनी मी मोताळ्याला त्याच्या घरी गेलो. भर दुपार होती. यमुनाची खाट इथेही रिकामीच अंथरलेली होती. उशाशी मडके होते.

“बसा, नारायणराव.”

मी उभाच राहिलो. “सखाराम, त्या दिवशी तुम्ही ‘हाव’ म्हटले नव्हते. नियम मोडला तो मी. आज पुन्हा मांडतो. तुमचे म्हणणे असे, की यमुना येते.”

“नाही.”

“मडके झिरपत नाही, असे?”

“झिरपते ना! जिनात उमर गेली माही, मले येवढं समजत नाही काय?” तो किंचित हसला. “दोनदा चुकले. आखरी टाइम हाय, नारायणराव. नियम तुमचाच.”

मी खाटेजवळ गेलो. मडके चार बोटे उतरले होते. मी कोपऱ्यातल्या रांजणातून तांब्या भरून घेतला, मडके काठोकाठ भरले आणि वर झाकणी ठेवली.

सखारामने झाकणीकडे पाहिले.

“हाव,” तो म्हणाला. “हेच. आता करा खंडन.”