टॉवेलाखालचा हात

तेव्हा, नव्वदच्या दशकात, बेल्ह्याच्या बैलबाजारात एक कोवळा, गोरा धर्मप्रचारक यायचा. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पुस्तकांची झोळी. दिसेल त्याचा हात धरून मनापासून हलवायचा आणि पुस्तकी मराठीत देवाविषयी बोलायचा.

एकदा मी बैल विकायला उभा होतो. आमच्याकडे भाव तोंडानं बोलत नाहीत, टॉवेलाखाली बोटं दाबून सांगतात. दलाल आणि मी तसे गप्प उभे दिसलो, तर याला वाटलं, आम्ही प्रार्थनाच करतोय. मी हात काढताच त्यानं आपला आत घातला आणि डोळे मिटले. दलालानं मला डोळा मारून त्याची चार बोटं दाबली, म्हणजे चार हजार. प्रचारकानं प्रेमानं हात हलवला.

"दिला! न्या बैल, पावणं," म्हणत दलालानं कासरा त्याच्या हातात दिला.

"पण मी काहीच बोललो नाही!"

"हितं हातच बोलत्यात, भाऊ. हात दिला की माघार नाय."

बाजार खदखदून हसला. तो मात्र बैलाकडे बघून गंभीरपणे म्हणाला, "हात दिला आहे. नेतो. हा काय खातो?"

हसू तिथंच थांबलं. कासरा परत मिळवायला मला त्याची अर्धा तास मनधरणी करावी लागली.

पुढच्या बाजाराला तो लांबूनच, दोन्ही हात खिशात घालून म्हणाला, "राम राम! बैल जेवला का?"