अण्णाला न सुचलेली गोष्ट

आमच्या अण्णाला, म्हणजे माझ्या मोठ्या चुलतभावाला, कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागत नसे. माझ्या जळफळाटाची सुरुवात तिथूनच. "अण्णाकडे बघ" हे आईचं पालुपद ऐकतच मी मोठी झाले.

पुढे आम्ही दोघंही विमानाच्या सिम्युलेटरचे संगणक बनवण्याच्या कामात शिरलो. सिम्युलेटर म्हणजे वैमानिकाला जमिनीवरच उडायला शिकवणारी खोली. तिथेही अण्णा माझ्या आधी पोचलेला. नवं काही दाखवलं की मान डोलवायचा, "सरी, सोपें आहे." आमच्या तंजावूरच्या मराठीत सरी म्हणजे ठीक. अण्णाला सगळंच सोपं.

तो निवृत्त होऊन तंजावूरला परतल्यावर मी सिम्युलेटरच्या संगणकात बसवायचं एक कार्ड तयार केलं. खोली हलते, पण पडद्यावरचं चित्र जरा मागे राहतं आणि शिकणाऱ्याला मळमळतं. माझ्या कार्डामुळे दोन्ही एकाच वेळी हलू लागली. पेटंट मागितलं, तर दुसऱ्या कंपनीने हरकत घेतली: दोन जुने भाग जोडलेत, हे कुठल्याही जाणकाराला सुचलं असतं. आयुष्यात माझं म्हणावं असं हे एकच काम, आणि तेच हातचं जाणार होतं.

माझ्या वकीलबाई म्हणाल्या, ज्याला हे सुचलं नव्हतं असा एक जाणकार साक्षीला आणा. नाव एकच होतं. दातओठ खात मी अण्णाचं घर गाठलं.

सुनावणी त्याच्या घरूनच, संगणकावर झाली. समोरच्या वकिलांनी विचारलं, "एवढी सोपी गोष्ट तुम्हाला सुचली नसती?"

अण्णा इंग्रजीत शांतपणे म्हणाला, "दोन्ही भाग कित्येक वर्षं माझ्याच टेबलावर होते. मला सुचलं नाही. आमसूल संपलं म्हणून आमटीत चिंच घातली आणि सांबार झालं, असं आमच्या तंजावूरच्या मराठी लोकांत सांगतात. आज ते कुणालाही सोपं वाटतं. पण चिंच आधीही घरात होतीच ना?"

अधिकारी हसले. पेटंट माझं आणि कौतुक त्याचं. मी आतल्या आत धुमसत बसले.

पेटंट मिळालं. ते दाखवायला मी मुद्दाम गेले. खोटं कशाला बोलू, अण्णाचा चेहरा पडलेला मला एकदा बघायचा होता. त्याने वाचलं आणि वहिनीला हाक मारली, "अगे, हें मला नाहीं सुचलें, आमच्या पोरीला सुचलें." मग तेच गल्लीभर सांगत सुटला.

पोंगलनंतर तो गेला. भेटायला आलेली, मी कधी न पाहिलेली माणसंही विचारत होती, "अण्णाला सुचलं नाही ते तुम्हालाच सुचलं ना?"

मी हो म्हणत होते आणि रडत होते. एकदा तरी माझ्यावर जळायचं होतंस, अण्णा. आता मी कुणावर जळू?