लाल शाईतला तुकडा

त्या शेठवरचा माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

लढाईच्या दिवसांत विलायती माल यायचा बंद झाला, तेव्हा त्याने खानापूरजवळ विजेच्या खांबांवरचे चिनीमातीचे इन्सुलेटर करायचा कारखाना काढला. तपासणी माझ्याकडे होती. प्रत्येक भट्टीतला एक नग फोडायचा, तुकडा दिवसभर लाल शाईत ठेवायचा आणि तो पुन्हा फोडून बघायचा. आत लाली दिसली की माती कच्ची. असली माती पावसात पाणी पिते, वीज खांबात उतरते आणि खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवावर बेततं.

भट्टी लावणारे आप्पा गुंजी गावचे कुंभार. पाणी झिरपणारे माठ करण्यात जन्म गेलेला, तरी ही न झिरपणारी माती त्यांनी वर्षभरात आपलीशी केली होती. त्यांचं मागणं एकच, "अजून सा तास जाळ पायजे." पण लाकडं वाचवायला शेठ भट्टी आधीच विझवायला लावायचा. मेल्याला माणसापेक्षा ओंडके प्यारे! माल वरून चकचकीत, आतून लाल.

एकदा शेठ लग्नासाठी निपाणीला गेला, तेव्हा आप्पांनी पुरता जाळ दिला. त्या भट्टीचा तुकडा फोडला, तर आत पांढराशुभ्र. "थेंब सुदिक पिला न्हाय!" म्हणत आप्पांनी तो कितीदा तरी फिरवून पाहिला. प्रत्येक भट्टीला किती तास जाळ दिला आणि शाई किती उतरली, हे मी वहीत लिहीत असे. तेही लिहिलं.

पुढच्याच महिन्यात बेळगावहून वीज कंपनीचा इंजिनिअर आला. आधी पाठवलेला माल खांबांवर तडकला होता. शेठ आप्पांकडे बोट दाखवून म्हणाला, "कुंभारच शेवटी. माठासारखं भाजतो. आजच काढून टाकतो."

इंजिनिअरने मला विचारलं, "भाजणीतच चूक आहे?"

"हो साहेब, भाजणी कमी पडते," मी म्हणालो. कुणामुळे, ते बोललो नाही.

आप्पांना अक्षरओळख नव्हती. ते माझ्याकडे वळले. "समदं लिवलंय न्हवं तुमी, अण्णा? वाचा की."

शेठ माझ्याकडे बघत होता. मी वाचलं नाही.

आप्पांनी खिशात जपलेला तो पांढरा तुकडा माझ्या टेबलावर ठेवला आणि ते गाडी गाठायला निघून गेले. शेठला मी आजही शिव्या देतो. पण वही माझ्याच हाताखाली होती.