फिटची गोळी आणि दोन घरं

“गुरुजी, घरात फिट कुणाला येते?”

भर दुकानात मी हे मोठ्यानं विचारलं. परभणीत तीस वर्षं मेडिकल चालवतोय, पण जिभेला लगाम म्हणून नाही.

गुरुजी म्हणजे पिंगळीच्या शाळेतले माझे चौथीचे मास्तर. काय ते मोत्यासारखं अक्षर! आपलं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की पाठीत धपाटा, आणि तीच ओळ दहा वेळा लिहायची. आजही वेलांटी देताना माझी पाठ आखडते. आता फुप्फुसाच्या कॅन्सरनं त्यांच्या उजव्या हाताच्या नसा दाबल्या होत्या. प्रिस्क्रिप्शनवर गॅबापेंटिन होती. ही गोळी मूळची फिटची, पण नस दुखावली की तिथंही देतात. मला हे ठाऊक होतं, तरी सवयीनं तोंडातून फिटच निघालं. गुरुजी गोळ्या घेऊन निघून गेले.

पंधरा दिवसांनी त्यांचा मुलगा मिलिंद आला. “भाऊ, दादा लय तडफडायलेत. सदऱ्याची बाही लागली तरी आग आग व्हायलीय.”

“गोळ्या घेतात ना?”

“गादीखाली सापडल्या. एक बी घेतली न्हाई.”

कारण ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुरुजींच्या नातीची सोयरीक ठरत आली होती, आणि त्या दिवशी पोराचे मामा माझ्याच काउंटरला उभे होते. घराण्यात फिट आहे अशी बोंब होईल म्हणून म्हाताऱ्यानं गोळीला हातच लावला नाही.

दुपारीच शटर ओढून पिंगळी गाठली. गुरुजी उघड्या अंगानं, हात उशीवर ठेवून बसले होते.

“चुकलो, गुरुजी. मोटारीची वायर सोलली की ठिणग्या उडतात ना? फिटमध्ये त्या मेंदूत उडतात, तुमच्या हाताच्या नसेत उडतात. गोळी तेवढ्या शांत करते. तुम्हाला फिट नाही.”

“मला कळलं. मामांना कोण सांगणार?”

तिथंच मामांना फोन लावला, स्पीकरवर. सगळं सांगितलं. मग मामा म्हणाले, “आवो, आमच्या आक्काला, म्हंजी पोराच्या आईला, शुगरनं पायाची आग होती, तिला हीच गोळी हाय. तीच न्यायला आलतो. तुमी तीच गोळी हातात धरून फिट म्हनलात अन् मी भिऊन तसाच माघारी आलो. म्हनलं, पोरीकडच्यायला कळलं तर?”

म्हणजे इकडं हात जळत होता, तिकडं पाय. दोन्ही घरं एकमेकांपासून एकच गोळी लपवत होती. गुरुजी हसायला लागले, इतके की खोकला आला. मला मात्र रडू आलं.

गोळी सुरू झाली. पहिला आठवडा गुंगीत गेला, मग डॉक्टरांनी डोस हळूहळू वाढवला. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण बाही सोसू लागली. महिन्याभरानं मिलिंद नातीच्या मंगल परिणयाची पत्रिका घेऊन आला. पाकिटावर माझं नाव गुरुजींनी स्वतः लिहिलं होतं, उजव्या हातानं. अक्षर जरा थरथरलेलं, पण तेच.

लग्नानंतर चार महिन्यांनी गुरुजी गेले. पाकीट गल्ल्यात जपून ठेवलंय. नावाखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली होती: ‘नसेच्या दुखण्याची गोळी. दहा वेळा लिही.’

दहा वेळा लिहून कधीच झालं. आता त्या गोळीच्या प्रत्येक पुडीवर लिहून देतो. आणि दुकानात हळू बोलतो.