उडणारे, सूटवाला अन् प्रोजेक्टरची चावी

आमच्या मंडळातले किस्से कोणी जमवत नाही. ते कूलरखालच्या पाण्यासारखे आपोआप साचतात, अन् वेळेवर पुसले नाहीत तर एखादा म्हातारा घसरून पडतोच!

मंडळ म्हणजे जबलपूरच्या सदर भागातला मराठी लोकांचा एक हॉल, पन्नास लोखंडी खुर्च्या अन् एक प्रोजेक्टर. हा प्रोजेक्टर तीन वर्षं बंद पडून होता. दोन मेंबरांची इंजिनीअर पोरं आली, त्याच्याकडे पाहिलं, फोटो काढला अन् गेली. मी इंजिनीअरिंग सेकंड इयरला सोडलेलं. मीच तो उघडला, साफ केला, दिवा बदलला, चालू केला. तेव्हापासून त्याच्या कपाटाची चावी माझ्याकडे अन् दर शनिवारी संध्याकाळी पिक्चर. अख्ख्या शहरात माझ्या हातात असलेली ही एकच गोष्ट. अन् म्हाताऱ्यांना नेमकी तीच परत पाहिजे होती.

काहून? तर आम्हा पोरांना पाहिजेत उडणारे सुपरहिरो, अन् त्यांना पाहिजे त्यांचा सूटवाला गुप्तहेर. त्याचे पिक्चर माझे बाबा शाळेत होते तेव्हापासून येऊन राहिले. हिरो बदलतात, सूट तोच!

*

सूटवाल्याच्या पार्टीचे पुढारी जोगळेकर काका. मंडळाचे अध्यक्ष, राहायला सिविल लाइंस, रिटायर्ड साहेब. पिक्चर इंग्रजीतच लागला पाहिजे हा त्यांचा हुकूम. "हिंदी डबिंग म्हणजे दुधात पाणी!" दर डायलॉगला ते सगळ्यांच्या आधी हसायचे. म्हणजे बाकीच्यांना कळावं, की काकांना कळलं.

एका शनिवारी आवाजाची वायर निघाली. पडद्यावर सूटवाला नुसते ओठ हलवून राहिला. मी खाली वाकून वायर शोधतो, तेवढ्यात पहिल्या रांगेतून काका खदखदून हसले.

"वा! काय टोमणा मारला!"

*

माझे बाबा तोफांच्या फॅक्टरीत फिटर. ते पिक्चर पाहत नाहीत, इन्स्पेक्शन करतात. सूटवाल्यानं पिस्तूल काढलं की यांची बोटांवर मोजणी सुरू. "सात... आठ... नऊ... अबे, मॅगझिन तर बदल!"

मी म्हटलं, "बाबा, म्हणून तर आमचा पाहा. त्याला पिस्तूलच लागत नाही."

आले एकदा. पडद्यावर आमच्या हिरोच्या छातीवर गोळ्या आपटून टणाटण खाली पडून राहिल्या. इंटरव्हलमध्ये बाबा चहाचा घोट घेऊन म्हणाले, "आपल्या फॅक्टरीचा माल नव्हता तो. असता तर मेला असता!"

अन् घरी आल्यावर आईला काय म्हणावं? "याला मशीन समजते, पण डिग्रीचा कागद नाही हातात. उद्या काही बिघडलं तर लोक मला बोलतील. यानं चावी देऊन टाकावी." घ्या! बाहेरच्या गोळ्या टणाटण खाली पडल्या, घरची मात्र लागली.

*

एकदा सगळ्यांसमोर काकांनी मला फैलावर घेतलं.

"पँटवर चड्डी घालणाऱ्याला तुम्ही हिरो म्हणता?"

"काका, तुमचा गुप्तहेर आहे ना? मग हॉटेलातला वेटरसुद्धा त्याला काहून ओळखते?"

"उलटं बोलू नकोस! हा तुझा उडणारा शिकला कुठल्या कॉलेजात?"

"कॉलेजात बसला असता तर जमिनीवरच राहिला असता!"

पोरांनी खुर्च्या वाजवल्या. बाबा मागच्या रांगेत होते, त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. हसले की चिडले, पाठीवरून कळत नाही.

*

शेवटी काकांनी मतदान ठेवलं. जी पार्टी जिंकेल तिचा शनिवार, अन् चावीही तिचीच. हात वर करून मोजणी झाली. सूटवाला सतरा, उडणारे चौदा.

मी खुर्च्या मोजल्या. हॉलमध्ये माणसं सत्तावीस!

"काका, हे चार हात कोणाचे?"

"जे नागपूरला मुलाकडे गेलेत त्यांचे. त्यांचं मत मला ठाऊक आहे."

म्हणजे गुप्तहेर पाहून पाहून हेच शिकले! पण काकांना खरा झटका बसला तो आमचा चौदावा हात पाहून. तो होता जोगळेकर काकूंचा.

"अगं, तू?"

"चाळीस वर्षं बघतेय मी. दर पिक्चरला नवी बाई, आणि हे मला सांगतात, मी बंदुका बघतो!"

*

चावी मी दिली नाही. "हॉलमधली डोकी मोजा, मग मागा," म्हटलं. दोन शनिवार पिक्चर नाही. काका म्हणाले, कुलूप तोडू. मी म्हटलं, तोडा, दिवा कसा लावता ते पाहतो.

तेव्हा शेजारचे दुबे वकील मध्ये पडले. कमिटीसमोर आम्हा दोघांना बसवलं, एकेक कोरा कागद दिला. "देखो भैया, झगड़ा किस बात का? दोनों तरफ से राजीनामा लिख दो, मामला खतम!"

आता इथल्या कोर्टात राजीनामा म्हणजे समझोता, दोघंही राजी. हिंदी शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्याला ते सांगावं लागत नाही. मी लिहून टाकलं, एक शनिवार सूट, एक शनिवार उड्डाण, चावी माझ्याकडे. खाली सही.

काकांनी जन्मभर फाइली इंग्रजीत लिहिल्या, घरी शुद्ध मराठी, अन् हिंदी फक्त भाजीवाल्याशी. राजीनामा शब्द ऐकला अन् ते लालबुंद.

"माझ्याकडे राजीनामा मागता? घ्या!"

खर्र खर्र लिहिलं, कागद टेबलावर आपटला. दुबेजींनी चष्मा लावला, दोन्हीकडच्या सह्या पाहिल्या अन् हात जोडले. "हो गया! दोनों का राजीनामा आ गया. बधाई हो!"

काकांचा कागद मी उचलून मोठ्यानं वाचला. 'प्रकृतीच्या कारणास्तव मी अध्यक्षपदाचा राजीनामा देत आहे. कमिटीनं तो मंजूर करावा.'

काका ताठ उभे राहिले. कोणी तरी "नको नको, साहेब" म्हणेल म्हणून एकेकाच्या तोंडाकडे पाहून राहिले. काकू वर पंख्याकडे पाहत होत्या.

मागच्या रांगेत एक खुर्ची सरकली. कमिटी मेंबर म्हणून वर्षानुवर्षं नुसती हजेरी लावणारे माझे बाबा उभे राहिले.

"मंजूर!" म्हणाले, अन् माझ्याकडे वळले. "पाहतो काय बे? लाव पिक्चर!"