गाश्परची उडी आणि भांगेची उंची

…तर गाश्पर गुत्त्यातल्या बाकावर चढला, टोपी बायकोच्या हातात कोंबली आणि म्हणाला, "बघून ठेव, उडी अशी मारतात."

हे काय खूळ, ते आधी सांगायला हवं. ह्रोन नदीच्या काठी भांग लावतात ती नशेसाठी नव्हे, वाखासाठी, सालीतल्या धाग्यासाठी. सदऱ्यापासून चादरीपर्यंत सगळं तिचंच. वसंतातला चाळीस दिवसांचा उपास लागण्याआधीच्या शेवटच्या नाचात घरची बाई जेवढी उंच उडेल तेवढी भांग उंच, असं तिथं मानतात. पण बी दाट टाकावं लागतं, हेही सगळ्यांना ठाऊक. दाटीत झाडं उजेडासाठी एकमेकांच्या डोक्यावरून माना काढतात, फांदीला जागाच उरत नाही, काठी सरळसोट वर जाते आणि धागा लांब निघतो.

गाश्पर म्हणजे उष्ट्या हातानं कावळा न हाकणारा. बी पेरायचा तो मिठासारखं, चिमटीनं. मग त्याची भांग गाभण गाईसारखी रुंद व्हायची. नुसत्या फांद्या, आणि धागा आखूड, काथ्यासारखा. दोष अर्थात बायकोचा.

"अपोला, तू उडतेस की बसतेस?"

"पोटात काही पडलं तर उडेन," अपोला म्हणायची.

यंदा मात्र मुलीचं, वेरोनाचं, लग्न ठरलं होतं. नवरीच्या पेटीत घरच्या विणीचं कापड नसेल तर सून उंबऱ्याबाहेरच, असं वरमाय यूलियाना तोंडावर सांगून गेली होती. गेल्या सालच्या वाखातून तर धड पोतीही निघाली नव्हती. म्हणून त्या शेवटच्या नाचाच्या रात्री हा शहाणा गुत्त्यात स्वतः उडायला निघाला.

उडाला कसला, आपटला. घोट्याचं हाड मोडलं.

"आता भांग आडवी वाढणार, गाश्परभाऊ," शेजारचा ओंद्रेय म्हणाला, आणि उचलायला हात देण्याआधी त्यानं आपला पेला संपवला.

पेरणी आली तरी गाश्पर खाटेवरच. अपोला बियाण्याचं पोतं घेऊन निघाली, तर हा खिडकीतून ओरडतोय, "चिमटीनं गं, चिमटीनं!"

"हो हो," म्हणत ती कोठारामागं वळली. तिथून पुढं तिनं चिमूट कसली ती धरलीच नाही. मुठीमागून मूठ टाकत गेली आणि पोतं झटकूनच घरी आली.

ऑगस्टात भांग वळचणीला टेकली. बोरूसारख्या काठ्या, एकीला एक खेटून. आत शिरलेली शेळी नुसती ऐकू यायची. यूलियाना बघायला आली. तिनं एक झाड उपटलं, साल सोलली, धागा दोन्ही हातांनी ताणला. तुटेना.

"भरेल पेटी," ती म्हणाली. "लग्नाचं धरा आता."

अपोला खालीच बसली, बांधावर, आणि डोळे पुसत राहिली.

काठी टेकत गाश्परही आला होता. ओंद्रेय त्याला म्हणाला, "वहिनींच्या मुठीच्या पाया पड, बाबा. तुझ्या चिमटीनं पोर घरात म्हातारी झाली असती."

गाश्परनं शेंड्यांकडे मान वर करून पाहिलं, मिशीवरून हात फिरवला.

"मुठीचं काय घेऊन बसलास? बाकावरून उडालो तर एवढी झाली. पुढच्या साली टेबलावरून उडतो, म्हणजे निम्म्या बियाण्यात भागेल."