जळालेलं गाव वगळा

मंडळी, आजचं हे कुठेतरी ओकल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलची आमची कंपनी कॅनडातल्या एका पक्षासाठी मतदारांना मेसेज पाठवते. सकाळी कॉलवर त्या पक्षाची बाई म्हणाली, "वणव्याचा मेसेज मोठ्या शहरांत पाठवा. धूर तिथे पोचलाय आणि सीट्सही तिथेच आहेत. जळालेल्या गावातले लोक पांगलेत, ते गाव वगळा."

त्या गावात माझी ताई राहायची. सध्या ती मुलांना घेऊन दुसऱ्या गावातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये झोपते. पण माझा व्हिसा कंपनीच्या हातात आहे. गाव वगळलं.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "अगं, तुमच्या पक्षाचा रोज मेसेज यायचा, काळजी घ्या म्हणून. आज आला नाही. सिस्टीम बंद आहे का?"

मी विचारलं, "विरोधकांचा येतो?"

"त्यांचा कालपासूनच बंद झालाय."

म्हणजे ते आमच्यापेक्षा फास्ट निघाले.

शहरांत मात्र आमचा मेसेज झकास चाललाय: "तुमचा प्रत्येक श्वास, आमची जबाबदारी."

ओळ माझीच आहे. कशी वाटली?